वाढत्या अंगाचं माप

माझा थोरला भाऊ उमाजी, म्हणजे आमचा अण्णा, सत्तेचाळिसाव्या वर्षी बाहुल्या रंगवायला बसला. त्या वयात माणसं देवाकडे वळतात, निदान पत्त्यांकडे तरी. हा शिशाचे घोडे घेऊन बसला. मी तेव्हा कन्नड शाळेत मास्तरीण होते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, वहिनी त्याच्याही आधी गेलेली, आणि मूलबाळ दोघांनाही नाही. घरात आम्ही दोघंच. त्यामुळे अण्णाला चार शब्द सुनावण्याचं काम आपसूक माझ्याकडे आलं होतं आणि मी ते कधी टाळलं नाही.

आमचं दुकान शिवाजीनगरात, मार्केटच्या मागच्या गल्लीत. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर बंगळूरला आले, असं आजोबा छाती फुगवून सांगायचे. तलवार कधी सुटली आणि सुई कधी हातात आली, ते मात्र सांगत नसत. तीन पिढ्या आम्ही पलटणींचे शिंपी. कँटोन्मेंटातल्या साहेबांचे कोट, पँटी, मेसची लाल जाकिटं, सगळं आमच्याकडे.

आमचे वडील रघुजी यांनी अण्णाला दहाव्या वर्षी फीत दिली आणि तिच्याबरोबर एक नियम दिला. माप घेताना नजर फितीवर. साहेबाच्या तोंडाकडे पाहायचं नाही. तोंडाकडे पाहिलं की साहेबाला वाटतं, शिंपी आपल्या पोटाला हसतोय. अण्णाने तो नियम इतका अंगी बाणवला की बाजारात त्याला गिऱ्हाइकं ओळखू येत नसत. कुणी रामराम केला तर तो आधी त्याच्या खांद्यांकडे बघायचा आणि मग म्हणायचा, "हां हां, छाती अडतीस!"

दुसरा नियम मापाच्या वहीचा. गिऱ्हाईक वारल्याचं कळलं की त्याच्या पानाचा वरचा कोपरा आत दुमडायचा. पान फाडायचं नाही, त्यावर काट मारायची नाही. आजोबांच्या वह्या तर कोपरे दुमडून दुमडून एका बाजूला फुगल्या होत्या.

तर छप्पन साली मेजर टॉमलिन दुकानात आले. हे म्हातारे साहेब स्वातंत्र्यानंतरही विलायतेला परत न जाता व्हाइटफील्डला बंगला करून राहिले होते. बरोबर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात मोडके शिशाचे घोडेस्वार. कुणाला हात नाही, कुणाच्या घोड्याला पाय नाही. साहेबांना लढायांचा खेळ खेळायचा नाद होता. व्हरांड्यात मोठ्या चौकटीत वाळू पसरायची, तिच्यात टेकड्या आणि नद्या करायच्या, दोन्ही बाजूंना सैन्यं मांडायची आणि फासे टाकून जुन्या लढाया पुन्हा लढायच्या. तरुणपणी ते आफ्रिकेत नोकरीला होते. एकोणीसशे तीन साली इंग्रजांनी तिथल्या हौसा लोकांचं राज्य घेतलं, ती लढाई त्यांना वाळूत मांडायची होती. इंग्रजांची फौज त्यांच्याकडे तयार होती. समोरची नव्हती.

"चाळीस हौसा घोडेस्वार," साहेब म्हणाले. "कापूस भरलेले कोट घातलेले. घोड्यांनाही तसेच कोट. शिंप्याशिवाय कोण करणार हे?"

मी जेवणाचा डबा घेऊन दुपारी दुकानात आले होते. अण्णा आता हात जोडून नाही म्हणणार, याची मला खात्री होती. त्याच्यापुढे लग्नाचे तीन सूट पडले होते. पण 'हौसा' हा शब्द ऐकला आणि अण्णाने हातातली कात्री खाली ठेवली. "सरी साहेब," तो म्हणाला. "करतो."

त्या दिवशी जेवताना मी त्याला फैलावर घेतलं. "अण्णा, सुम्मने, उगाचच, पोरखेळ कशाला हा? लग्नाचे सूट कोण शिवणार?"

"स्वल्प थांब गं अंबू," अण्णा म्हणाला, आणि बारा वर्षं ज्यातला एक शब्द काढला नव्हता, ते सगळं सांगितलं.

चव्वेचाळीस साली अण्णा पलटणीबरोबर शिंपी म्हणून आराकानच्या जंगलात होता. बंदूक नाही, शिलाईचं मशीन. कलादान नदीच्या खोऱ्यात पलटण मागे हटत असताना त्याच्या पायात काटेरी तार घुसली, पाय सुजून मांडीएवढा झाला, ताप चढला. चालणं संपलं. तिथं आफ्रिकेतल्या हमाल तुकड्या होत्या, डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढणारी माणसं. त्यांतल्या एकाने डोक्यावरची पेटी दुसऱ्याला दिली आणि अण्णाला पाठीवर घेतलं. दोन दिवस तो अण्णाला घेऊन चालला. त्याचं नाव तांको. गाव कानो. तो हौसा.

दोघांना मिळून वीसेक शब्द येत होते, थोडे इंग्रजी, थोडे हिंदुस्थानी. त्यात तांकोने आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा घोडेस्वार, अंगात कापूस भरलेला कोट. शब्द सापडेना तेव्हा त्याने अण्णाच्या पांघरुणाची गोधडी चिमटीत धरून दाखवली. अण्णा समजला. घोड्याला गोधडी, स्वाराला गोधडी. तो कोट वाळवीने खाल्ला होता. आपण परत गेलो की तसाच कोट घालून ईदेला घोड्यावर बसायचं, असं तांकोच्या मनात होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी नदीवर नाव आली. निघता निघता त्याने अण्णाच्या गळ्यातल्या फितीकडे बोट केलं. तू शिंपी ना? मग शिव मला.

अण्णाने एका पायावर उभं राहून त्याचं माप घेतलं. वही खिशात होतीच. छाती, खांदा, बाही, गळा, उंची, सगळं लिहिलं. कोट शिवून पाठवीन, असा शब्द दिला. मग तांकोने अण्णाला नावेत घातलं.

"मग पाठवलास का नाही?" मी विचारलं.

"कुठं पाठवू? कानो केवढं मोठं शहर आहे. पलटणीला लिहिलं, उत्तर नाही." अण्णा ताटातला भात नुसता चिवडत होता. "आणि दुसरं एक आहे. मला त्याचं तोंड आठवत नाही."

"दोन दिवस पाठीवर बसलास आणि तोंड आठवत नाही?"

"पाठीवर बसलो म्हणूनच. मला त्याची मान दिसायची. कान दिसायचा. खाली ठेवायचा तेव्हा ताप असायचा, डोळे उघडत नसत. पण त्या सकाळी मला शुद्ध होती, अंबू. उजेड होता. तो माझ्यासमोर हसत उभा होता, हसू ऐकलं मी. आणि मी फितीकडे बघत होतो."

त्याला काय हवंय ते मला त्या दिवशी कळलं. तांको जिवंत आहे का ते हवं होतं, आणि त्याचं तोंड हवं होतं. साहेबांच्या डब्यातल्या मोडक्या शिशावर त्याने ही आशा बांधली, याला शहाणपण म्हणता येणार नाही. पण ज्याच्याजवळ दुसरं काही नाही त्याने कशावर बांधावी?

काम दीड वर्ष चाललं. मोडके स्वार मुळात इंग्रजी होते. अण्णाने कानशीने त्यांच्या टोप्या घासून काढल्या, मेणबत्तीवर हात तापवून वाकवले आणि प्रत्येकाच्या मुठीत भाल्याच्या जागी शिवणाची सुई दिली. ढालींना कोटाची चामडी बटणं. पागोट्यांसाठी दोरा उकलून डोक्याभोवती गुंडाळला. कानोत निळीत रंगवलेलं कापड कुटून कुटून चकाकवतात, असं तांकोने सांगितलं होतं. म्हणून त्या दोऱ्याला कपड्याची नीळ लावली आणि वर मेण घासलं. घोड्यांच्या गोधड्या मात्र खऱ्या शिवल्या. मलमलीचे दोन पदर, मध्ये कापसाचा पातळ थर, नखाएवढे लाल, पिवळे, पांढरे चौकोन, आणि सगळं खळीत बुडवून वाळवलेलं. असे टाके मी माझ्या जन्मात पाहिले नाहीत. माझ्या पोलक्याला त्याने कधी एवढी मेहनत घेतली नव्हती, आणि हे मी त्याला ऐकवलंही.

रंग सायकलच्या दुकानातून आणला. साहेब म्हणाले होते, तोंडांना सरळ काळा लाव. अण्णाने साहेबांचं सगळं ऐकलं, एवढं ऐकलं नाही. "काळं तोंड कुणाचंच नसतं," तो म्हणाला, आणि चहाच्या कपात तपकिरी, तांबडा, किंचित पिवळा असे रंग कालवत बसला. चाळीस जणांना चाळीस छटा.

एक दिवस मी चष्मा लावून ते स्वार नीट पाहिले आणि कपाळावर हात मारला. सगळे ओळखीचे! पहिल्या रांगेत कोपऱ्यावरचा हॉटेलवाला पिराजी, त्याच्या शेजारी मशिदीजवळचा अत्तरवाला, मागे आमच्या शाळेचा शिपाई. आमचे वडीलसुद्धा निळं पागोटं बांधून घोड्यावर बसले होते. अण्णा आयुष्यात पहिल्यांदाच माणसांच्या तोंडाकडे पाहायला लागला होता. फीत खिशात ठेवून तो मार्केटात उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना न्याहाळायचा. दोन बायका त्याच्यावर भडकल्या, तेव्हा मला मध्ये पडावं लागलं.

तिसऱ्या रांगेतला एक स्वार तेवढा निराळा होता. त्याची पाठ बाकी सगळ्यांपेक्षा सुंदर. मानेवर बारीक व्रण, डाव्या कानाच्या पाळीला खाच, डावा खांदा जरा उतरलेला. मी त्याला फिरवलं. पुढून तपकिरी रंगाचा नुसता गोळा. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही.

"येईल," अण्णा माझ्या हातातून त्याला काढून घेत म्हणाला. "बाकीच्यांची काढता काढता एक दिवस त्याचं येईल."

सैन्य व्हाइटफील्डला गेलं. साहेब इतके खूश झाले की त्यांनी अण्णाला दर रविवारी खेळाला यायचं आमंत्रण दिलं. कँटोन्मेंट स्टेशनवरून सकाळची पॅसेंजर पकडून अण्णा जायचा. मीही एकदा गेले. साहेबांच्या बाजूला लाल टोप्यांची पायदळ फौज, मध्ये मशीनगन. मी विचारलं, लाल टोप्यांतले हे काळे शिपाई कोण? साहेब म्हणाले, तेही हौसाच, गोरे फक्त अधिकारी. मला नवल वाटलं नाही. मराठी फौजेबरोबर आलेल्या आमच्या घराण्याने टिपूच्या पाडावानंतर कुणाकुणाचे कोट शिवले, ते मला ठाऊक होतं.

हौसांच्या बाजूने शेजारचे एक निवृत्त रेल्वे गार्ड खेळायचे. अण्णा त्यांच्या मागे स्टुलावर बसला, म्हणजे त्याला सगळ्या सैन्याची पाठ दिसत होती. फासे पडू लागले. अण्णाच्या गोधड्या वाळूत पुढे सरकल्या, मशीनगनचे फासे आले आणि साहेबांनी छडीच्या टोकाने एकेकाला आडवं केलं. पिराजी पडला. अत्तरवाला पडला. आमचे वडील पडले. गार्डसाहेब म्हणाले, "हे जिंकूच शकत नाहीत, नियमच तसे केलेत!" साहेबांनी मान डोलावली. खरी लढाई तशीच झाली होती. बिनतोंडाचा स्वार नदीपर्यंत पोचला आणि तिथं पडला.

परतीच्या गाडीत अण्णा म्हणाला, "आज तरी नदीपर्यंत गेला."

"दर रविवारी पडताना बघायला जातोस?" मी चिडले होते. मला त्या म्हाताऱ्या साहेबाचा राग आला होता, खरं तर अण्णाचाच आला होता. "नको जाऊ."

"मग त्याला उचलून डब्यात कोण ठेवणार?" अण्णा म्हणाला.

अशी सहा-सात वर्षं गेली. अण्णाचे डोळे अधू झाले, दुकानातलं बारीक काम त्याने सोडलं. साहेब दरवर्षी विचारायचे, उमाजी, त्याचं तोंड कधी? अण्णा म्हणायचा, स्वल्प राहिलंय साहेब.

चौसष्ट साली एक आफ्रिकी लेफ्टनंट दुकानात आला. लष्करी शिक्षणासाठी त्याला त्याच्या सरकारने बंगळूरला पाठवलं होतं, गणवेश सैल होत होता म्हणून आला. अण्णाने फीत काढली, छातीभोवती धरली, नाव विचारलं. उमरू. गाव? कानोजवळचं. आणि अण्णाने वडिलांचा नियम मोडला. दोन्ही हातांत फीत तशीच ताणून धरून तो त्या पोराच्या तोंडाकडे बघतच राहिला. मी डबा घेऊन दारात उभी होते. लेफ्टनंट बिचारा अवघडून गेला.

मग मी पुढे होऊन इंग्रजीत सगळं सांगितलं. आराकान, पाठ, कोट. अण्णाने वहीचं पान उघडून दाखवलं. लेफ्टनंटने नाव, वर्ष, तुकडी, जे होतं ते लिहून घेतलं. आपल्याकडे तांको नावाचे शेकडो आहेत, असं त्याने स्पष्ट सांगितलं, पण चौकशी करीन म्हणाला. तो जाताना अण्णाने त्याला थांबवलं आणि मला म्हणाला, "विचार त्याला, कोटात कापूस किती जाड घालतात." लेफ्टनंट हसला. त्याला माहीत नव्हतं.

उत्तर पुढच्या वर्षी आलं. जाड लिफाफा, परदेशी तिकिटं. दुकान बंद ठेवून अण्णा घरी बसला आणि म्हणाला, वाच. मी आधी मनात वाचलं. वाचायला नको होतं, कारण अण्णाने माझ्याकडे पाहिलं. आता तो तोंडं वाचायला शिकला होता.

"गेला?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. पेन्शन कचेरीत नोंद सापडली होती. तांको, कानोचा, हमाल तुकडी. मार्च चव्वेचाळीस, कलादानच्या काठी. अण्णाला नावेत घातल्यावर तो दोन आठवडेसुद्धा जगला नव्हता. वीस-एकवीस वर्षं अण्णा ज्याची वाट पाहत होता, तो तिथंच नदीकाठी मातीत होता. लेफ्टनंट उमरूने त्याच्या भावाचं घर शोधून काढलं होतं आणि तिथून एक फोटो मिळवून पाठवला होता. जहाजावर चढण्याआधीचा. सहा जण ओळीत, हात सरळ खाली, अनवाणी. तांको यांत आहे, असं लिहिलं होतं. कितवा, ते लिहायला विसरला होता.

अण्णाने फोटो डोळ्यांजवळ नेला. सहाही तोंडांवरून नजर फिरवली. मग फोटो उलटा केला आणि मागची कोरी बाजू पाहू लागला. मला आधी वाटलं, नावं शोधतोय. मग लक्षात आलं, तो पाठी बघायला गेला होता. मी रडायला लागले आणि तो मला म्हणाला, "रडू नको, दोरा आण."

मी दोरा आणला. अण्णाने वही उघडली, भिंग घेतलं. दोऱ्याने पहिल्याचे खांदे मोजले, मग त्याची बाही, आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिली. पहिला नाही. दुसरा नाही. तिसऱ्याशी थांबला, पण त्याचे खांदे सारखे होते. पाचव्याच्या खांद्यावर दोरा आडवा धरला तेव्हा त्याच्या डाव्या अंगाला तो जरासा खाली आला. वहीत लिहिलं होतं, डावा पाऊण इंच उतरता. अण्णाने बाही मोजली, परत मोजली.

"हा," तो म्हणाला. आणि भिंग वर सरकवून तोंडाकडे पाहिलं.

मीही पाहिलं. अजून मिसरूड फुटलेलं नव्हतं. गाल भरलेले, मान काडीसारखी, कॅमेऱ्याला भिऊन डोळे मोठे केलेले. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या थोराड मुली असतात, त्यांच्याएवढा असेल. सोळा. फार तर सतरा. फौजेत घ्यायला वय वाढवून सांगितलेलं दिसत होतं.

एवढी वर्षं अण्णाने तांकोला आपल्या वयाचा धरलं होतं, आपल्याबरोबर म्हातारा केलं होतं. मार्केटात उभा राहून मिशीवाल्या, दाढीवाल्या बाप्यांत त्याला शोधत होता.

"पोर होतं गं," तो शेवटी म्हणाला. "पस्तीस वर्षांचा बाप्या मी, दोन दिवस पोराच्या पाठीवर बसलो." आणि थोड्या वेळाने, "अंबू, मी मापही चुकीचं घेतलं."

"चुकीचं कसं? त्यावरून तर ओळखलास."

"वाढत्या अंगाचा होता. पोराचं माप जसंच्या तसं लिहीत नाहीत. इंचभर जास्त धरायचं असतं, शिवणीत कापड सोडायचं असतं. मी वर पाहिलं असतं तर कळलं असतं मला. कुठल्याही शिंप्याला कळलं असतं." आणि माझा अण्णा, वहिनी गेली तेव्हा न रडलेला माझा अण्णा, फीत तोंडावर धरून रडला.

त्या आठवड्यात त्याने तिसऱ्या रांगेतल्या स्वाराचं तोंड रंगवलं. भिंग मी धरलं. डोळे मोठे, गाल भरलेले, मिशी नाही. रविवारी व्हाइटफील्डला एकोणचाळीसच घोडेस्वार होते. चाळिसावा मोडला, असं अण्णाने साहेबांना सांगितलं. साहेबांनी विश्वास ठेवला की नाही, माहीत नाही, पण पुन्हा विचारलं नाही.

अण्णा सदुसष्ट साली गेला. मापाच्या वहीत त्याचं स्वतःचंही पान होतं, त्याचा कोपरा मी दुमडला. मग तांकोचं पान काढलं. पत्र आलं त्याच दिवशी अण्णाने तो कोपरा दुमडला असणार, असं मला वाटत होतं. पान सपाट होतं. शाईचे आकडे जुने, पुसट. छाती चौतीस. खांदा साडेसोळा. बाही चोवीस. आणि प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीने, म्हातारपणच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं: अधिक एक.